बारावीचा इंग्रजी पेपर: कुठे किती गुण?

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीत इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची, तोंडी २० गुणांची. लेखीत गद्य ३४, कविता १४, लेखनकौशल्य १६ आणि कादंबरी १६. पास व्हायला १०० पैकी ३५ गुण हवेत.

डहाणू तालुक्यातलं कोसबाड ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणाच्या कामासाठी ओळखलं जातं. या भागातल्या अनेक मुलांची घरची भाषा वारली. मराठी दुसरी, इंग्रजी तिसरी. त्यांनी सुरुवात कुठून करावी?

गद्य आणि कवितेपासून. उतारा पेपरातच छापलेला असतो. बरीच उत्तरं त्यातच सापडतात. ई-मेल, भाषण यांचा साचा सरावाने बसतो. कादंबरीला मात्र उतारा नसतो. पात्रं आणि प्रसंग आधीच माहीत हवेत.