केडगावचा विसावा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

'विसावा' हा आपल्या मराठीतला मोठा मायेचा शब्द. वारीच्या वाटेवर पालखी विसाव्याला थांबते. माहेरी आलेली लेक चार दिवस विसावते. आणि तिरडी नेताना वाटेत ती जिथं टेकवतात, त्या जागेलाही विसावाच म्हणतात. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत हा शब्द आणखी एका कारणानं घरचा झाला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू कष्टलेल्यांना आणि ओझ्याखाली वाकलेल्यांना आपल्याकडे बोलावतो. तो त्यांना जे देऊ करतो, त्याला मराठी बायबलमध्ये 'विसावा' असंच म्हटलं आहे.

हे मला कळलं ते फार उशिरा. मी शाळेत इतिहास शिकवला, ख्रिस्ती नाही. माझी आई अंथरुणाला खिळून होती, तेव्हा दोन वर्षं मी रात्रीची सलग झोप अशी घेतलीच नाही. आमच्या शेजारी एक ख्रिस्ती आजी राहत. एकदा भल्या सकाळी मला जिन्यात बसलेला पाहून त्या म्हणाल्या, "मास्तर, बसलात ते बरं केलंत. आमचा येशूसुद्धा दमून विहिरीच्या काठावर बसला होता." मी हसलो. त्यांनी मात्र संध्याकाळी एक जुनं, पातळ पुस्तक आणून दिलं. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली आपल्या जीवनाची साक्ष होती ती. रमाबाई मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवल्या होत्या : आर्य महिला समाज, शारदा सदन, विधवांचं शिक्षण, पाच गुणांचा प्रश्न. त्या किती थकलेल्या होत्या, हे मात्र माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि पुढं आईनं ते धाकट्या लेकीला शिकवलं. सगळं कुटुंब पुराणं सांगत तीर्थयात्रा करत फिरे. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते संपलं. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याचं रमाबाईंनी लिहिलं आहे. १८७४ च्या सुमारास वडील गेले, थोड्या काळानं आई गेली, पाठोपाठ थोरली बहीणही. आईला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली; उरलेले दोघं म्हणजे भाऊ श्रीनिवास आणि स्वतः रमा. ती ठेंगणी. तिरडी समपातळीत राहावी म्हणून तिनं आपल्या बाजूचा भार खांद्यावर न घेता डोक्यावर घेतला.

हे वाचून मी पुस्तक मिटलं. त्या रात्री पुढं वाचवलं नाही.

नंतर भावाबहिणीची पायपीट सुरू झाली. दक्षिणेतून थेट काश्मीरच्या बाजूला आणि तिथून पूर्वेला, सगळं मिळून चार हजार मैलांच्या घरात. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नाही, म्हणून दोघांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत उतरून डोकं तेवढं बाहेर ठेवलं आणि वाळू अंगावर ओढून घेतली. जिवंतपणी थडग्यात झोपावं तसं. अशा अवस्थेत १८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. आमच्या पाठ्यपुस्तकात पदव्या होत्या; खड्डे नव्हते.

पण मरणांची रांग संपली नव्हती. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्यानं तेही गेले. वय तेवीस आणि कडेवर लहानगी मनोरमा. त्या वर्षी त्या पुण्याला आल्या आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहून इंग्रजी शिकायचं, जमल्यास वैद्यकीय शिक्षण घ्यायचं, असा बेत होता. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागलं आणि डॉक्टरकीचा विचार सोडून द्यावा लागला.

याच भगिनींचं लंडनजवळ फुलहॅमला एक काम होतं. समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथं आसरा दिला जाई. रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांसाठी झिजणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या नव्हत्या. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारची वेळ. वाटचालीनं दमलेला येशू विहिरीपाशी बसला आहे. एकटीच पाण्याला आलेल्या, परक्या जातीच्या, नावं ठेवलेल्या बाईकडे तो प्यायला पाणी मागतो. शेजारच्या आजी म्हणत होत्या ती विहीर हीच! विटाळाचा विचार ज्यांनी जन्मभर पाहिला, त्या रमाबाईंना या पाणी मागण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसेल. शिवाय फादर नीळकंठ ऊर्फ नेहेम्या गोरे या आपल्याच चित्पावन पंडिताची पत्रं त्या वाचत होत्याच. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथं आपण मराठी माणसं दोन चुका करत आलो. काहींना वाटलं, गोऱ्या लोकांनी बाईंना फूस लावली. काहींना वाटलं, दुःखानं खचलेली बाई मिळेल त्या आधाराला टेकली आणि विचार करायची थांबली. वाँटेजची पत्रं वाचावीत. मठातल्या वडीलधाऱ्या भगिनींशी त्या त्रैक्याच्या सिद्धान्तावरून वाद घालतात, मांसाहाराला नकार देतात, आणि क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही विचारतात. आज्ञाधारकपणाचा उपदेश त्यांना कुणी केला की त्या उसळत. त्यांच्या विसाव्याला असं तिखट अंग होतं.

आणि गंमत अशी, की बाप्तिस्मा घेतल्याबरोबर तो विसावा मिळालाच नाही. अमेरिकेचा दौरा झाला, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सगळं केलं, पण मन शांत नव्हतं, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं आहे. १८९१ च्या सुमारास एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांनी वाचलं. धर्मोपदेशक असूनही आपल्याला आतून काही गवसलेलं नव्हतं, असं तो लिहितो. रमाबाईंना ते आपलंच वाटलं. आठ वर्षं आपण ख्रिस्ती धर्म धरून आहोत, ख्रिस्त काही आपल्याला भेटलेला नाही, असं त्यांच्या ध्यानात आलं. देवाची कृपा पुण्याईनं मिळवायची नसते, ती फुकट आहे, हे उमगलं तेव्हा त्यांचं ओझं उतरलं. व्रतं, उपास आणि तीर्थं यांच्या हिशेबात जिचं बालपण गेलं, तिला 'फुकट' हा शब्द केवढा वाटला असेल!

ओझं उतरल्यावर बाईंनी काय करावं? दुप्पट उचललं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. 'केसरी' तर तुटून पडलाच होता. (पालकांची धास्ती मला समजते. विश्वासानं पाठवलेल्या मुलींपुढं रमाबाई प्रार्थनेला दार उघडं ठेवून बसत, हा प्रश्न खरा होता.) मग १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. झाडपाल्यावर जगलेली बाई बातम्या वाचून घरात बसणं शक्य नव्हतं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या सुमारे तीनशे मुलीबायकांना घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला घेतलेल्या माळावर विहिरी खणल्या, झोपड्या उभ्या राहिल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर 'मुक्ती'त दीड हजारांवर माणसं होती. शेती, दूध, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकांच्या हातचं. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत.

मी केडगावला गेलो तो आईच्या पश्चात, पुणे-दौंड गाडीनं. संस्था आजही चालू आहे. मला पाहायचा होता तो रमाबाईंच्या शेवटच्या कामाचा ठाव. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल पुन्हा मराठीत आणलं. शिकलेल्यांसाठी नव्हे, दुष्काळातून आलेल्या, नुकतीच अक्षरं जुळवू लागलेल्या बायकांसाठी. 'सरस्वती' पदवीच्या या पंडितेनं जड संस्कृत शब्द वेचून वेचून काढून टाकले. खिळे जुळवायला आणि छापायला मुक्तीतल्याच बायका होत्या.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळिशीत. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. कानानं फारसं ऐकू येत नव्हतं, शरीर थकलं होतं. बाई परत प्रुफांकडे वळल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. पुस्तक बाहेर पडलं ते १९२४ साली, मुक्तीच्या छापखान्यातून.