ग्रेट निकोबारला जायचंय, कासवं बघायला

येत्या जानेवारीत आम्ही तिघं ग्रेट निकोबारला जाणार आहोत. तिघेही पेन्शनर. एकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, एकाला साखर आहे आणि तिसरा मी. सध्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला असतो. सौ. म्हणतात, "अहो, सहलीला चाललाय की चढाईला?" सवय जात नाही, दुसरं काय. पण या वेळी तयारी करताना एक गोष्ट लक्षात आली. कोणत्या महिन्यात जायचं, कसं जायचं, बरोबर काय न्यायचं आणि कुठे जायचं नाही, या यादीतल्या प्रत्येक ओळीमागे त्या बेटाचा इतिहास उभा आहे. म्हणून आज पोस्टिंगच्या आठवणींबरोबर थोडा तो इतिहास.

आधी मूळ गोष्ट. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मी पोर्ट ब्लेअरला होतो. (२०२४ पासून या शहराचं नाव श्री विजयपुरम, पण आम्हा जुन्यांच्या तोंडी पोर्ट ब्लेअरच बसलंय.) स्टोअरच्या तपासणीसाठी तीन दिवस कॅम्पबेल बेला पाठवलं. नौदलाचा आयएनएस बाझ हा तळ तिथे सुरू होऊन तेव्हा एकच वर्ष झालं होतं. संध्याकाळी बाजारात चहा पीत मी घरी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तसा शेजारच्या बाकावरून आवाज आला, "कुठलं गाव, साहेब?"

सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. पायजमा, बंडी, हातात छत्री. तेही सातारा जिल्ह्यातलेच, माझ्या गावापासून तीस-चाळीस किलोमीटरवरचे. पासष्टच्या लढाईत होते, नंतर फौज सुटल्यावर सरकारी योजनेतून इथे आले ते इथलेच झाले. भारताच्या पार शेवटच्या टोकाला, सुमात्राच्या शेजारी, माणदेशी मराठी ऐकून मी चाटच पडलो.

निकोबार म्हटलं की आपल्याला फार तर 'अंदमान-निकोबार' हा जोडशब्द आठवतो. त्यातलं अंदमान आपल्याला सेल्युलर जेलमुळे माहीत. निकोबार तिथून वेगळं आहे. मध्ये सुमारे दीडशे किलोमीटर रुंदीची दहा अंश सामुद्रधुनी आहे. पोर्ट ब्लेअरहून कॅम्पबेल बे सुमारे ५४० किलोमीटर. हेलिकॉप्टर आहे, पण जागा मोजक्या आणि त्यावर पहिला हक्क रुग्णांचा व बेटवासीयांचा. तो असायलाच हवा. म्हणून आम्ही बोटीचा बेत केलाय. वाटेतल्या बेटांवर थांबत गेली तर दोन रात्री सहज जातात. परतीच्या तारखेपुढे चार दिवस मोकळे सोडलेत, कारण समुद्र आपली मूव्हमेंट ऑर्डर वाचत नाही.

या बेटांचं नाव कागदावर, खरं तर दगडावर, फार जुनं आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातल्या राजेंद्र चोळाच्या लेखात, त्याच्या समुद्रापलीकडच्या मोहिमेत जिंकलेल्या प्रदेशांच्या यादीत, 'मानक्कवारम' येतं. याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजे भोसल्यांनी १८०३ साली मराठीत भोसले वंशाचा इतिहास कोरून घेतला. तंजावरला जाऊन आपण मराठी लेख कौतुकाने बघतो. पुढच्या वेळी गेलात तर चोळांचा लेखही शोधा.

तंजावरचा धागा इथेच संपत नाही. किनाऱ्यावर तरंगंबाडी इथे १६२० पासून डॅनिश लोकांची वखार होती. पुढे तंजावरला मराठ्यांचं राज्य आल्यावर हे डेन्मार्कवाले भोसल्यांनाच सालाची रक्कम भरत. याच तरंगंबाडीतून ते १७५६ साली निकोबारला वसाहत करायला गेले आणि पहिला तळ टाकला तो ग्रेट निकोबारवर. तापाने माणसं पटापट मेली. काही वर्षांत तळ हलवून कामोर्टाला नेला, तिथेही तेच. मध्येच ऑस्ट्रियावाल्यांनी नशीब आजमावलं, धर्मप्रसारक आले, थडगी मागे ठेवून गेले. १८४६ मध्ये डेन्मार्कचं 'गलथिया' नावाचं जहाज, इथे पुन्हा वसाहत जमेल का, हे पाहायला आलं. वसाहत काही जमली नाही, पण जहाजाचं नाव एका नदीला आणि एका उपसागराला चिकटलं. १८६८ मध्ये डेन्मार्कने हात झटकले आणि १८६९ मध्ये इंग्रजांनी ताबा घेतला. त्यांनीही नानकौरीत कैद्यांची वसाहत केली आणि १८८८ ला गुंडाळली.

थोडक्यात, शंभर-सव्वाशे वर्षं एकामागून एक आरमारं आली आणि बेटाने त्यांना परत पाठवलं. ते काम मुख्यतः डासाने केलं. आज तिथे जे सदाहरित जंगल उभं आहे त्याचं थोडं श्रेय त्या डासाला द्यावं लागेल. आमच्या सामानात मच्छरदाणी आणि लांब बाह्यांचे शर्ट आहेत ते याच इतिहासाला मान देऊन.

बाहेरच्यांना जे जमलं नाही ते शोम्पेन आणि निकोबारी लोक केव्हापासून करत आले होते. शोम्पेन जंगलात आत राहतात, शिकार आणि कंदमुळांवर. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या २२९ होती. केवड्याच्या जातीतल्या पँडॅनस झाडाचं फळ दोघांच्याही जेवणातलं. १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमामुळे त्यांचा प्रदेश राखीव आहे. म्हणून यादीतली ठळक ओळ: शोम्पेनांना 'बघायला' जायचं नाही. रस्त्यात दिसले तर थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. आपला साधा सर्दी-खोकलाही त्यांना जड जाऊ शकतो. जंगलात कुठेही जायचं तर आधी वनखात्याच्या कार्यालयात रीतसर अर्ज. अर्ज मंजूर झाला नाही तर निमूट परत फिरायचं, 'मी एक्स-सर्व्हिसमन आहे' हे कार्ड काढायचं नाही.

आता आपल्या लोकांकडे येतो. पासष्टच्या युद्धानंतर सरकारला वाटलं की या टोकावर आपली माणसं हवीत. माणसं कोणती, तर शिस्त असलेली आणि हालअपेष्टांना न घाबरणारी. १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबं आणायला सुरुवात झाली. १९८० पर्यंत सुमारे ३३० कुटुंबं आली. पंजाबातून, महाराष्ट्रातून, केरळातून, तमिळनाडूतून आणि आणखी राज्यांतून. प्रत्येकाला सुमारे ११ एकर. कागदावर ती जमीन होती, प्रत्यक्षात ते जंगल होतं.

"आमची मंडळी बोटीतून उतरली आणि रडायला लागली," ते काका सांगत होते. "मी म्हटलं, रडू नको, हे पण एक पोस्टिंगच समज. दोन-तीन वर्षं काढू. आता चाळीस होऊन गेली." झाडं तोडली, भात लावला, नारळ-सुपारी लावली. मुलाच्या जन्माच्या वेळी डॉक्टरची वाट बघत पंजाबी शेजारीण रात्रभर बसली होती. अशी एक छावणी, जी कधी उठलीच नाही.

मग २६ डिसेंबर २००४. भूकंपाचं केंद्र सुमात्राच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे ग्रेट निकोबारच्या अगदी दाराशी. बेटाचं दक्षिण टोक चार मीटरहून जास्त खचलं. १९७२ साली बांधलेलं इंदिरा पॉइंटचं दीपगृह जमिनीवर होतं, त्याचा पायथा पाण्यात गेला. दक्षिणेकडे जाणारा रस्ता जागोजागी समुद्राने गिळला. किनाऱ्यावरची निकोबारी गावं नाहीशी झाली. वाचलेल्यांना कॅम्पबेल बेजवळ आणून वसवलं आणि त्यांतले कित्येक आजही जुन्या किनाऱ्याकडे परतू शकलेले नाहीत. गलथियाच्या वाळूवर कासवांच्या अभ्यासासाठी मुक्कामाला असलेले संशोधक आणि त्यांचे सोबती गेले. आमच्या माजी सैनिकांच्या घरांतूनही माणसं गेली.

काकांनी लाटेबद्दल एवढंच सांगितलं की आधी पाणी मागे गेलं आणि मासे उघडे पडले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांची मंडळी त्या चहाच्या गप्पांत पुन्हा आली नाहीत, एवढं माझ्या लक्षात आलं.

उठताना त्यांनी विचारलं, "कासवं बघितली का?" ऑगस्टमध्ये कुठली कासवं? "मग डिसेंबर-जानेवारीत या. लाटेत सगळी वाळू गेली होती. पुढे समुद्रानेच वाळू आणून टाकली आणि तीही परत आली. अंधारात गपचूप बसायचं, ती आपली येतात." मी म्हटलं, येतो. पुढच्या वर्षी बदली झाली. मग बदल्या, मुलांची लग्नं, पेन्शनचे कागद.

ती कासवं म्हणजे लेदरबॅक, जगातलं सगळ्यात मोठं समुद्रकासव. पाठीवर टणक कवच नाही, चामड्यासारखी काळी पाठ आणि तिच्यावर लांब कणे. वजन शेकडो किलो. मादी रात्री वाळूवर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, अंडी घालते, बुजवते आणि जाते. अंधाराचा तिला भरवसा असतो. उजेड दिसला तर ती न घालताच परत फिरू शकते. पिल्लं बाहेर आल्यावर उजळ बाजूला, म्हणजे समुद्राकडे चालतात. किनाऱ्यावर दिवा असेल तर तीही चुकतात. म्हणून आमच्या यादीत लाल काच लावलेली एकच बॅटरी आणि मोबाईल बंद. नाईट अँबुशचं ट्रेनिंग अखेर कामी येईल. लिटल अंदमानवरून उपग्रहाचं यंत्र लावून सोडलेल्या माद्यांपैकी काही ऑस्ट्रेलियाकडे तर काही थेट आफ्रिकेकडे गेल्याचं संशोधकांनी नोंदवलंय. एवढ्या समुद्रातून ती पुन्हा नेमक्या याच पट्ट्यातल्या वाळूवर येते.

दिवसा बघायचं ते वेगळं. इथे वाघ नाही, हत्ती नाही, हरीण नाही, त्यामुळे ताडोबाच्या जिप्सीची कल्पना घरीच ठेवायची. इथे निकोबारी मेगापोड आहे. कोंबडीएवढा हा पक्षी अंड्यांवर बसतच नाही. वाळू आणि पालापाचोळ्याचा ढीग करून त्यात अंडी पुरतो, कुजण्याच्या उबेवर ती उबतात आणि पिल्लू बाहेर येतं ते स्वतःच्या पायावर उभं. हे ढीग किनाऱ्यालगतच असल्याने त्सुनामीत या पक्ष्याची संख्या फार घटली. लांब शेपटीचं निकोबारी माकड आणि खारीसारखा दिसणारा ट्री-श्रू यांच्या इथल्या जाती जगात फक्त याच काही बेटांवर. आणि खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातली मगर. पाय धुवायलासुद्धा खाडीत उतरायचं नाही, हे मी दोघांकडून तोंडी वदवून घेतलंय.

१९८९ मध्ये बेटाचा ८८५ चौरस किलोमीटर भाग जीवावरण राखीव क्षेत्र झाला, १९९२ मध्ये दोन राष्ट्रीय उद्यानं झाली, २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. आता वारं बदललंय. गलथिया उपसागरात मोठं बंदर, शिवाय विमानतळ, वीजकेंद्र आणि नवं शहर असा प्रकल्प मंजूर झालाय. त्यासाठी उपसागराचं कासव अभयारण्य जानेवारी २०२१ मध्ये रद्द झालं, पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०२२ मध्ये मिळाली. १३० चौरस किलोमीटरहून जास्त वनजमीन त्यात जाणार आहे.

माझ्या वाचकांत दोन्ही मतांचे लोक आहेत, मला ठाऊक आहे. मलाक्काकडे जाणारी जहाजं बेटाच्या दक्षिणेकडून रांगेने जाताना मीही पाहिली आहेत. त्या टोकावर आपण मजबूत असावं, याबद्दल फौजी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १९६९ मध्येही कारण तेच होतं. पण तेव्हा कागदावर जी रिकामी जागा होती ती प्रत्यक्षात रिकामी नव्हती. आपल्याच लोकांनी तिथे झाडं तोडली, घरं बांधली आणि २००४ मध्ये त्याची किंमतही मोजली. त्यामुळे नकाशावर बोट ठेवून 'इथे काहीच नाही' असं कुणी म्हणालं की मला तो चहाचा बाक आठवतो.

कासवं दिसतील याची खात्री नाही. गलथियापर्यंत जाऊ देतील की ३५ किलोमीटरवरच्या शास्त्रीनगरातूनच परतावं लागेल, तेही परवानगीवर अवलंबून आहे. न दिसली तरी तक्रार नाही. बारा वर्षं उशीर मीच केलाय.

काकांचं नाव माझ्या जुन्या वहीत आहे, पत्ता नाही. कॅम्पबेल बे एवढंसं गाव, विचारलं की कळेल. आता त्यांचं वय पंच्याऐंशीच्या आसपास असेल. त्या दिवशी ते म्हणाले होते की इथे सगळं मिळतं, फक्त आपल्याकडचा कांदा-लसूण मसाला मिळत नाही. सौ.नी परवाच तो कुटून दिलाय, एक किलो, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. सामानाच्या यादीत दुर्बिणीच्या वर तोच लिहिलाय. ते असले तर त्यांच्या हातात देईन. नसले तर त्यांच्या मुलाच्या घरी देऊन येईन.