हनुसंधिविकार व दंतमीलनदोष

हनुसंधिविकार व दंतमीलनदोष : खालचा जबडा कानाच्या पुढे कवटीच्या शंखास्थीला ज्या सांध्याने जोडलेला असतो, त्यास हनुसंधी म्हणतात. या सांध्यात तंतुमय उपास्थीची चकती असते. तोंड उघडताना जबड्याचे टोक प्रथम जागच्या जागी फिरते व मग पुढे सरकते. तोंड मिटल्यावर वरखालचे दात एकमेकांवर ज्या रीतीने बसतात, त्यास दंतमीलन म्हणतात. ते सदोष असल्यास सांधा बिघडतो काय, हा दंतवैद्यकातील जुना वाद आहे. त्याला व्यावहारिक महत्त्वही आहे. कारण मीलन सुधारण्यासाठी एकदा घासून काढलेला दात पूर्ववत होत नाही.

दात व हनुसंधी यांची सांगड प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याच्या ‘हनुमोक्ष’ या व्याधीची गणना दंतरोगांत केली असून निखळलेला सांधा शेकून बसविण्याची व बांधण्याची रीतही दिली आहे. आधुनिक काळात एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दंतमीलनदोषांचे वर्गीकरण केले. सेंट लूइस येथील कान-नाक-घसा तज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये अकरा रुग्णांच्या आधारे असे प्रतिपादन केले, की दाढा पडल्यामुळे जबडा अधिक मिटतो, सांध्यावर दाब पडतो व त्यातून कानदुखी, बहिरेपणा इ. लक्षणे उद्भवतात. दातांची उंची वाढविण्याचे व ते घासण्याचे उपचार त्यामुळे रूढ झाले. तथापि कॉस्टेन यांची शारीररचनाविषयक उपपत्ती ग्राह्य नाही, असे हॅरी सिकर यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले. पुढे न्यूयॉर्क येथे लास्लो श्वार्ट्‌झ यांनी चर्वणस्नायूंच्या आकुंचनाकडे, तर १९६९ मध्ये शिकागो येथे डॅनिएल लास्किन यांनी मानसिक ताणाकडे लक्ष वेधले. निदानाचे सर्वमान्य निकष १९९२ मध्ये मांडण्यात आले व २०१४ मध्ये ते सुधारण्यात आले.

आजच्या ज्ञानानुसार दंतमीलनदोष व हनुसंधिविकार यांचा संबंध क्षीण आहे. दात वेडेवाकडे असूनही बहुसंख्य लोकांना सांध्याचा त्रास होत नाही. उलट सांधा संधिवाताने झिजल्यास जबडा सरकून दंतमीलनच बदलते. म्हणजे काही वेळा कार्य हेच कारण समजले गेले. दात सरळ करण्याच्या उपचाराने हा विकार उद्भवतो किंवा टळतो, असेही सिद्ध झालेले नाही. म्हणून मऊ आहार, शेक, जबड्याचे व्यायाम व काढता येणारी दंतपट्टी असे दातांना अपाय न करणारे उपचार प्रथम योजतात.

वऱ्हाडात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. अमरावती व अकोला या जिल्ह्यांत सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा चघळण्याची सवय आढळते. सतत चघळण्याने दात झिजतात व चर्वणस्नायू शिणतात. शिवाय सुपारीमुळे तोंडातील श्लेष्मकलेखाली तंतू साचून ती ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते. या विकाराचे वर्णन मुंबईचे एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. निरोगी प्रौढाचे तोंड सु. ४ ते ५ सेंमी. उघडते, या रुग्णांत ते दोन बोटेही उघडत नाही, त्यामुळे दोष सांध्याचाच वाटू शकतो. परंतु गालाचा आतील भाग पांढुरका व कठीण लागणे, तिखट झोंबणे ही लक्षणे सांध्याच्या विकारात नसतात. काही रुग्णांत त्याचे कर्करोगात रूपांतर होत असल्याने हा भेद ओळखणे महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी चघळण्याची सवय राहिलीच.

विदर्भात नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ मध्ये सुरू झाले. पुढे अमरावती व अकोला येथेही दंत महाविद्यालये निघाली. त्यामुळे अशा रुग्णाची तपासणी आता वऱ्हाडातच होऊ शकते. तोंड न उघडणाऱ्या रुग्णाच्या दातांना हात लावण्यापूर्वी त्याचा गाल, स्नायू व सांधा हे तिन्ही तपासणे, हाच या दीर्घ वादातून निघालेला निष्कर्ष होय.