अमली पदार्थांच्या आयातीचा कट : इंग्लंडमधील अपिलांचे दोन प्रवाह

इंग्लंडच्या दंडविधीत 'कट' ही संकल्पना संमतीवर उभी आहे. निषिद्ध माल बंदरात उतरण्यापूर्वीच, तो उतरविण्याचे दोघांत ठरले एवढ्यानेच हा गुन्हा घडतो. तथापि ही संमती कोठे, केव्हा व कशाविषयी झाली हे ठरविणे सोपे नाही. अमली पदार्थांच्या खटल्यांत हे काम प्रामुख्याने अपिलांतूनच झाले.

डूट खटल्यातील अमेरिकन आरोपींनी मोरोक्कोतील चरस गाड्यांत दडवून इंग्लंडमार्गे अमेरिकेत नेण्याचा बेत परदेशात आखला होता. गुन्हा संमतीच्या क्षणीच, म्हणजे परदेशात, पूर्ण झाला असे मानून अपील-न्यायालयाने कटाची दोषसिद्धी रद्द केली. 1973 मध्ये उमरावांच्या सभागृहाने ती पुन्हा कायम केली. संमती ही क्षणापुरती घटना नसून ती अमलात येत असेतो कट चालूच राहतो, असे या निर्णयाचे सूत्र होते.

यापेक्षाही सूक्ष्म प्रश्न 1989 च्या सिराक्युसा खटल्यात उपस्थित झाला. थायलंडमधून हेरॉइन आणि काश्मीरमधून चरस असा माल फर्निचरच्या चोरकप्प्यांतून आणला जात होता. प्रत्यक्ष आयातीच्या गुन्ह्यात, माल निषिद्ध आहे एवढे आरोपीस ठाऊक असणे पुरेसे असते. कटाच्या आरोपात मात्र ज्या वर्गाच्या पदार्थाचा आरोप ठेवला असेल त्याच पदार्थाच्या आयातीस संमती होती, हे सिद्ध व्हावे लागते. चरस आणण्याचे ठरविणारा मनुष्य हेरॉइनच्या कटात आपोआप सामील ठरत नाही. येथे एका नामाच्या अर्थावर माणसाच्या आयुष्याची कित्येक वर्षे अवलंबून होती.

शिक्षेविरुद्धच्या अपिलांनी वेगळी वाट धरली. 1982 च्या अरामा निर्णयात लॉर्ड लेन यांनी एक लक्ष पौंड वा त्याहून अधिक बाजारमूल्याच्या हेरॉइनसाठी 7 वर्षे व त्यापुढील शिक्षा सुचविली. कमाल शिक्षा 1985 च्या कायद्याने आजन्म कारावासापर्यंत वाढल्यावर 1987 मध्ये हे प्रमाण 10 वर्षांवर गेले. 1994 मध्ये मूल्याऐवजी शुद्ध पदार्थाचे वजन प्रमाण मानले गेले : 500 ग्रॅमला 10 वर्षे, 5 किलोला 14 वर्षे व त्यापुढे.

आरोपीची भूमिका न्यायालयांनी दुर्लक्षिली होती असे नव्हे. परंतु माल वाहून आणणाऱ्याच्या निष्कलंक पूर्वचरित्राला अरामा निर्णयात फारसे महत्त्व दिले गेले नाही. कारण सूत्रधार नेमकी अशीच माणसे हेरतात, असा लॉर्ड लेन यांचा युक्तिवाद होता. परिणामी ज्या गुणामुळे सहानुभूती मिळावी, तोच गुण निष्प्रभ ठरला.

2012 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भूमिकेला वजनाच्या बरोबरीचे स्थान दिले. 5 किलो हेरॉइनच्या आयातीत सूत्रधारासाठी 14 वर्षे, तर दुय्यम भूमिका असणाऱ्यासाठी 8 वर्षे हा प्रारंभबिंदू ठरला. दोषसिद्धीच्या अपिलांनी प्रत्येक आरोपीने नेमके काय ठरविले हे स्वतंत्रपणे पाहण्याचा आग्रह धरला होता. शिक्षेच्या प्रवाहाला तो विवेक अंशतः का होईना गाठावयास पुढे दोन दशकांहून अधिक काळ लागला.