धंदा सिनेमाचा, हिशोब तालुक्याचा

चित्रपट कसा आहे, हे विचारणारे घरोघरी भेटतात. तो चालला कसा, कोणाच्या खिशातून किती पैसे निघाले आणि ते वाटेत कुठे कुठे मुरले, हे विचारणारे विरळा. मराठीत आपण समीक्षेला माजघरात पाट मांडला आणि तिकीटबारीच्या अभ्यासाला ओसरीवरच बसवून ठेवले. वास्तविक या धंद्याचा आपल्याकडचा पहिला आचार्य मराठीच. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लावला. पुढे सुरतेत लोक फिरकेनात, तेव्हा त्यांनी जाहिरात केली ती ५७,००० चित्रे, दोन मैल लांबी आणि तिकीट तीन आणे अशी. कथेबद्दल चकार शब्द नाही. माल किती आणि दाम किती, एवढेच. गिऱ्हाईक ओळखणे म्हणतात ते हेच.

या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्याला मी अंधेरीच्या कचेऱ्यांत धाडणार नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत धाडीन. पुणे जिल्ह्याचे हे आग्नेय टोक. नीरेचा डावा कालवा, माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी साखर कारखाने, वालचंदनगरची जुनी उद्योगवसाहत. नोकरदाराचा पैसा इथे महिन्याच्या महिन्याला येतो, शेतकऱ्याचा हंगामाने. शिवाय बारामतीत तुळजाराम चतुरचंद, विद्या प्रतिष्ठान यांसारख्या संस्थांत शिकायला बाहेरगावाहून आलेली पोरे. म्हणजे बाजारपेठ एक आणि प्रेक्षक दोन: एक शुक्रवारी पहिल्याच शोला हजर, दुसरा हातातले काम उरकल्यावर, उसाचे बिल जमा झाल्यावर, चार घरची माणसे गोळा करून जाणारा. वितरकाला दोघेही हवेत. पण दोघांना एकाच जाहिरातीने बोलावता येत नाही.

धंद्याचा नकाशा सरकारी नकाशाशी जुळत नाही, हेही इथूनच दिसते. वितरकांच्या विभागणीत हे दोन्ही तालुके ‘बॉम्बे सर्किट’मध्ये. उजनीच्या पाण्यापलीकडे करमाळा ओलांडून परांड्यात शिरले, की धंद्याच्या बोलीत आपण ‘निझाम’मध्ये. १९४८ साली संपलेले निझामाचे राज्य वितरकांच्या वह्यांत अजून नांदते आहे.

थिएटर नव्हते तिथे तंबू होता. पश्चिम महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीजचा हंगाम दिवाळीनंतर उघडायचा, चैत्र-वैशाखाच्या जत्रांत रंगायचा आणि पावसाच्या तोंडावर आवरायचा. शेजारच्या राहुटीत तमाशाचा फड, म्हणजे स्पर्धा समोरासमोर. तंबूवाल्याची सारी मार्केटिंग भोंग्यावर आणि भोंग्यावर बोलणाऱ्याच्या जिभेवर चालायची. आज कुठला चित्रपट लावायचा, हे तो समोरची गर्दी बघून ठरवी: बायाबापड्या जास्त दिसल्या तर ‘माहेरची साडी’, तरुण पोरे दिसली तर मारधाड. १९९१ चा विजय कोंडके यांचा हा चित्रपट मूळच्या राजस्थानी कथानकावरून बेतलेला. शहरी समीक्षकांनी नाके मुरडली, पण गावोगावच्या बायका डोळे पुसत बाहेर आल्या आणि पुन्हा आत गेल्या. तंबूची ही दुनिया कशी आटत गेली, ते ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात दिसते. या विषयाच्या विद्यार्थ्याने तो चुकवू नये.

आता अर्थकारण. सुरुवातीला १९७५ हे एकच साल घ्यावे. त्या जूनमध्ये अमेरिकेत ‘जॉज’ ४०९ पडद्यांवर एकदम लागला, तोही दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा मारा करून. हॉलिवूडचा आजचा ब्लॉकबस्टरचा साचा तिथून पक्का झाला. ऑगस्टमध्ये मुंबईत ‘शोले’ आला. सुरुवातीला थंडा, मग तोंडी कीर्तीवर तापलेला, आणि मिनर्व्हात पाच वर्षे मुक्काम. त्याच्या संवादांची तबकडी निघाली आणि मांडवामांडवांतून गब्बर बोलू लागला. चित्रपटाची जाहिरात करायची आणि तिचेही पैसे घ्यायचे, असा तो प्रकार. आणि त्याच वर्षी दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’. दादांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव गाठले. त्यांच्या यशाचे श्रेय द्वयर्थी विनोदाला देऊन मोकळे होणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ‘विच्छा माझी पुरी करा’च्या शेकडो प्रयोगांनी या माणसाला प्रेक्षक आधीच मिळवून दिला होता. आजच्या भाषेत ही बाजार-पाहणीच, फक्त ती रंगमंचावरून केलेली.

तेव्हाचे चित्रपट पंचवीस-पंचवीस आठवडे चालत आणि आताचे तिसऱ्या आठवड्यात उतरतात, याचे कारण प्रेक्षकाच्या चंचल स्वभावात शोधण्याची आपल्याला खोड आहे. मला ते करारात सापडते. जुन्या एकपडदा थिएटरात आठवड्याचे भाडे ठरलेले असे. ते वजा जाता उरेल ते वितरकाचे. भाडे निघाले की वरचा प्रत्येक रुपया त्याचाच, मग तो चित्रपट का उतरवील? मल्टिप्लेक्सने वाटणीची पद्धत आणली. २००९ साली निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यातला दोन महिन्यांचा तंटा मिटला, तेव्हा हिंदी चित्रपटांसाठी वितरकाचा वाटा ठरला तो असा: कर वजा जाता पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. हे आकडे पाहिले, की जाहिरातीचा सगळा दारूगोळा पहिल्या तीन दिवसांत का उडवतात हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यात प्रिंट जाऊन उपग्रहाने किंवा हार्ड डिस्कवर चित्रपट पोचू लागला. पूर्वी पुण्या-मुंबईत झिजलेली प्रिंट महिन्यांनी तालुक्याला मिळे. आता दोन्हीकडे शुक्रवार एकच.

तिकिटाचे दरही असेच वाचावेत. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आणि त्याहून महाग तिकिटावर १८. पुण्यातल्या मॉलला या रेषेचे सोयरसुतक नाही. तालुक्याच्या थिएटर-मालकाला मात्र ९० चे तिकीट ११० करताना दहादा विचार करावा लागतो.

या सगळ्या मांडणीला हिसका देणारे उदाहरणही याच मुलखाच्या कुशीतले आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. ‘सैराट’चे चित्रीकरण करमाळ्याच्या परिसरात झाले आणि २९ एप्रिल २०१६ ला तो प्रदर्शित झाला. परीक्षा संपलेल्या, लग्नसराई आणि जत्रा सुरू. तारीख हुशारीने निवडलेली. पण साल दुष्काळाचे. त्याच महिन्यात लातूरला रेल्वेने पाणी जात होते, उजनी मृतसाठ्यात गेली होती आणि न्यायालयाच्या आदेशामुळे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यावे लागले होते. उसाचा पैसा आला की तिकीट खपते, हा नियम खरा मानला तर ‘सैराट’ आपटायला हवा होता. त्याने शंभर कोटींच्या घरात धंदा केला, आणि निर्मितीचा खर्च त्यापुढे नगण्य. असे का झाले? चित्रपटामागे उभ्या असलेल्या झी स्टुडिओजच्या हाताशी स्वतःच्या वाहिन्या होत्या, हे एक. अजय-अतुलची गाणी आधीच मेमरी कार्डांतून ट्रॅक्टरवर आणि वरातीच्या डीजेवर पोचली होती, हे दुसरे. पण माझ्या मते मोठे कारण तिसरे: पडद्यावरची मुलगी बुलेट चालवत होती आणि इंदापूरच्या एसटी स्टँडवर ऐकू येते त्याच ठसक्यात बोलत होती. हे जाहिरातीला विकत घेता येत नाही. तसे करायला निघालेल्या पुढच्या कित्येक ग्रामीण प्रेमकथा आल्या तशा गेल्या.

तारखांचा विषय निघाला म्हणून एक नोंद. तुकोबांची पालखी दर आषाढात बारामती आणि इंदापूरवरूनच पंढरीला जाते. ‘तुकाराम’ जून २०१२ मध्ये लागला आणि वारीची पार्श्वभूमी असलेला ‘लय भारी’ ११ जुलै २०१४ ला, आषाढी एकादशीच्या आठवड्यात. पंचांग पाहून प्रदर्शन ठरवणाऱ्या या धंद्याचा इतिहास कोणी तरी सलग लिहायला हवा.

त्यासाठीचे कागद मात्र झपाट्याने रद्दीत चालले आहेत. रोजच्या वसुलीचे तक्ते, वितरकांशी झालेला पत्रव्यवहार, पोस्टरांचे गठ्ठे, तिकिटांची पुस्तके हे सारे बंद थिएटरांच्या माळ्यांवर पडून आहे, आणि तिथे आता मंगल कार्यालये किंवा दुकानांचे गाळे उभे राहत आहेत. तेव्हा वाचकांना विनंती एवढीच, की आपल्या तालुक्यातला एखादा जुना बुकिंग क्लार्क, ऑपरेटर किंवा भोंगेवाला गाठा, त्याच्यापाशी बसा, त्याच्याकडची वही मागून घ्या आणि तिची प्रत काढून ठेवा.