मोठ्या नोटा आणि काळा पैसा

१२. लेखकाचा रोख १६ जानेवारी १९७८ च्या वटहुकमाकडे आहे. मोरारजी देसाई सरकारने त्याद्वारे १,०००, ५,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द केल्या. नोट बदलून घ्यायची तर ती कुठून आली हे लिहून द्यावे लागे. सामान्य माणसाने हजाराची नोट क्वचितच पाहिलेली. त्याला झळ पोचली नाही. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर आय. जी. पटेल यांना मात्र हा उपाय पटला नव्हता. काळा पैसा नोटांच्या थप्प्यांत फार काळ पडून राहत नाही; तो जमिनीत, सोन्यात, बेनामी व्यवहारांत मुरतो. त्याआधी १९४६ मध्ये, चिंतामणराव देशमुख गव्हर्नर असताना, रद्द झालेल्या सुमारे १४४ कोटींच्या मोठ्या नोटांपैकी जवळपास १३५ कोटींच्या बदलून गेल्या होत्या. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीचा अनुभव अधिक क्लेशकारक. या वेळी बाद झालेली ५०० ची नोट रोजंदारीवरच्या मजुराच्या खिशातली होती, आणि रांगेत तोच उभा राहिला. रद्द झालेल्या १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटी रुपये बँकांत परतले. नोटा रद्द केल्या की काळा पैसा संपेल हा लेखकाचा आशावाद प्रस्तुत संपादकाला म्हणूनच मान्य नाही : नोट बदलली तरी लाचेसाठी परवाना अडवून ठेवण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता त्याच्याच हाती राहिला. शिवाय त्याच नोव्हेंबरात २,००० ची नोट आली. साठवणाऱ्याची त्यामुळे सोयच झाली. ती मागे घेण्याचा निर्णय मे २०२३ मध्ये झाला. – संपा.