मोठी लाथ, छोटी टिचकी

तर झालं असं की गेल्या गणपतीत, आरती ऐन रंगात आलेली असताना, बाबांच्या छातीतल्या आयसीडीने त्यांना पहिला शॉक दिला. आयसीडी म्हणजे कातडीखाली बसवलेलं छोटं यंत्र. ठोके जीवघेणे बिघडले की विजेचा झटका देऊन ते हृदयाला ताळ्यावर आणतं. बाबा वाचले. पण हातातले टाळ उडाले, आणि नंतर एवढंच म्हणाले, "घोड्याने लाथ घातली रे." तेव्हापासून ते आरतीला मागे खुर्चीत बसतात. झटक्यापेक्षा झटक्याची भीती मोठी!

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मला वाटलं, हे म्हणजे सर्व्हर हँग झाला की मेन स्विच बंद करून चालू करण्यासारखं झालं. याहून शहाणा उपाय कुणालाच सुचला नसेल? दोन वीकेंड वाचत बसलो आणि पोचलो थेट केऑस थिअरीत.

गोष्ट सुरू होते आपल्याच धंद्यात. १९६१ साली एमआयटीतल्या एडवर्ड लॉरेन्झने हवामानाचा एक प्रोग्राम मधूनच पुन्हा चालवला. मशीनमध्ये आकडा होता ०.५०६१२७, त्याने प्रिंटआउट बघून भरला ०.५०६. थोड्या वेळाने जुन्या आणि नव्या उत्तराचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. बग कुठेच नव्हता. नियम पक्के, पण लांबचं भाकीत अशक्य. केऑस म्हणतात तो हाच.

१९८१ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गेव्हारा, ग्लास आणि श्रायर यांनी कोंबडीच्या गर्भातल्या हृदयपेशींना ठराविक अंतराने विजेच्या टिचक्या दिल्या. टिचक्यांचा वेग बदलला तसा पेशींचा ताल आधी दुपदरी झाला, मग पार विस्कटला. हे सगळं साध्या समीकरणातून येत होतं.

मग १९९० साली मेरिलँडच्या ओट, ग्रेबोगी आणि यॉर्क या तिघांनी प्रश्नच उलटा केला. एवढ्याशा फरकाने गाडी भलतीकडे जात असेल, तर एवढ्याशाच धक्क्याने ती हव्या वाटेवरही येईल ना? केऑसच्या पोटात असंख्य नियमित ताल दडलेले असतात, फक्त टिकत नाहीत. तळहातावर काठी उभी धरतो ना, तसं. काठी जरा कलली की हात जरासा हलवायचा.

१९९२ मध्ये गारफिंकेल, स्पानो, डिटो आणि वाइस यांनी हे सशाच्या हृदयाच्या तुकड्यावर करून पाहिलं. औषध देऊन ठोके बिघडवले. संगणक प्रत्येक दोन ठोक्यांमधलं अंतर आधीच्या अंतराशी ताडून पाहायचा आणि नेमक्या क्षणी छोटी टिचकी द्यायचा. ताल परत आला! गंमत म्हणजे, घड्याळ लावून नियमित टिचक्या दिल्या तर उपयोग होत नव्हता. कधी द्यायची, यातच सगळं होतं.

मग हे बाबांच्या यंत्रात का नाही? कारण डेमो आणि प्रॉडक्शन यांत फरक असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. १९९५ मध्ये ख्रिस्टिनी आणि कॉलिन्स यांनी दाखवलं, की हीच युक्ती केऑस नसलेल्या, नुसता गोंगाट असलेल्या व्यवस्थेवरही चालते. म्हणजे उपाय लागू पडला, यावरून निदान बरोबर होतं असं सिद्ध होत नाही. शिवाय अख्ख्या हृदयात विजेच्या लाटा भोवऱ्यासारख्या फिरत असतात. एका तारेने सगळे भोवरे कसे आवरणार?

त्यावर २०११ मध्ये कॉर्नेल आणि ग्यॉटिंगेनच्या गटांनी वेगळी वाट काढली. एका मोठ्या झटक्याऐवजी पाच हलके झटके. कुत्र्यांच्या हृदयांवर सरासरी ८४ टक्के कमी ऊर्जेत काम झालं. लाथेची टिचकी झाली नाही, पण लाथ बरीच हलकी झाली. आजची यंत्रंही काही प्रकारच्या बिघाडात आधी हलक्या टिचक्या देऊन बघतात. हृदय नुसतं थरथरायला लागलं, तर मात्र शेवटी मोठा झटकाच.

बाबांना हे सगळं सांगितलं. ससा आवडला त्यांना. म्हणाले, "म्हणजे दमदाटी नको, वेळ साधायची." मग जरा थांबून, "पण तोवर हेच यंत्र ना?"

हो, तोवर हेच.

असो. यंदा आरतीला ते खुर्चीतच होते. पण टाळ हातात होते.